जे. जे.च्या फाटकाच्या आत

‘जे. जे.’ म्हटले की तुम्हा-आम्हाला काय आठवते? इस्पितळ! केसपेपरची रांग, वॉर्डाबाहेर रात्र काढणारे नातेवाईक, डब्याची पिशवी. सहा वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या एका मुलीला ‘जे. जे.ला अॅडमिशन मिळाली’ अशी बातमी आली, तेव्हा तिच्या आजीने कपाळाला हात लावला आणि विचारले, “काय झालं पोरीला? कालपतूर तर बरी व्हती!”

चाळ हसली. आम्हीही हसलो. पण हसण्यासारखे त्यात काय होते, हे आम्हाला यंदा कळले.

ही जे. जे. म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, चित्रकलेचे महाविद्यालय. १८५७ साली सुरू झालेले. जमशेटजी जीजीभॉय या पारशी दानशूराने त्यासाठी एक लाख रुपये दिले. इस्पितळही त्यांच्याच नावाचे. त्यांच्या इस्पितळात आपल्या चार-चार पिढ्या गेल्या, पण त्यांच्या चित्रशाळेच्या फाटकातून आत किती जण गेले?

दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो. आम्ही बी. कॉम. झालो ते फोर्टच्या आनंद भवनात, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ कॉमर्स कॉलेजात. राहायला भायखळ्याला. बसचे पैसे वाचवायचे म्हणून महंमद अली रोडने चालत निघायचे, क्रॉफर्ड मार्केट ओलांडायचे आणि दादाभाई नौरोजी रस्ता धरायचा. त्या रस्त्याच्या सुरुवातीलाच हे फाटक आहे. आत मोठमोठी झाडे, जुनी दगडी इमारत, खांद्याला लांब पिशव्या अडकवलेली मुले. तीन वर्षे रोज आम्ही तेथून गेलो. एकदाही आत डोकावलो नाही. कुणी अडवले नव्हते. फलकही लावला नव्हता. पण ते आपले नव्हे, असे मनाने परस्पर ठरवून टाकले होते. मन हा फार कडक पहारेकरी असतो.

आता त्या मुलीविषयी. चाळीत तिला सगळे ताई म्हणतात. तिचे वडील, सगळ्यांचे भाऊ, कंत्राटी सफाई कामगार आहेत. ताई बारावी झाली, तेव्हा भाऊ आमच्याकडे आले. आम्ही पतपेढीत कारकून. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाचा दाखला काढून दे, अशी कामे संध्याकाळी करतो, म्हणून चाळीत आमच्या शब्दाला थोडी किंमत आहे. भाऊ म्हणाले, “दादा, तुम्हीच समजावा तिला. चित्रं काढून पोट भरतंय व्हय?”

आम्ही ताईला समोर बसवले आणि अर्धा तास भाषण दिले. बी. कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे, स्पर्धा परीक्षा दे. चित्रे रविवारी काढ, कोण नको म्हणते? शिक्षण हे घर वर काढण्यासाठी असते, हौसेसाठी नव्हे. हे शेवटचे वाक्य आम्हाला त्या वेळी फार आवडले होते. ताईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “काका, तुम्ही कधी जे. जे. बघितलंय का?” आम्ही म्हणालो, “बाहेरून.” ती काही बोलली नाही.

ती तिच्या वाटेने गेली. प्रवेश परीक्षा दिली, गुणांवर प्रवेश मिळवला. फीचा प्रश्न शिष्यवृत्तीने बराचसा सोडवला. रंग, ब्रश, कॅनव्हास यांचा खर्च मात्र रोजचा. तिच्या आईने दोन घरच्या पोळ्यांच्या कामात तिसरे घर वाढवले. भाऊंनी मुलीशी भांडण केले नाही. पण सहा वर्षांत कॉलेजविषयी एक शब्दही विचारला नाही. चार वर्षांची पदवी झाली, मग पदव्युत्तरची दोन वर्षे आली. यंदा ताई आमच्या दारात उभी राहिली. “काका, काकू, आमचं वार्षिक प्रदर्शन आहे. माझं शेवटचं. याल ना? आणि बाबांना घेऊन याल?”

त्या दुसऱ्या वाक्यासाठीच ती आली होती, हे आमच्या ध्यानात आले.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही निघालो. आमच्या पत्नी बरोबर होत्या. भाऊ सकाळची पाळी करून, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. गाडीत ते खिडकीबाहेरच पाहत बसले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यावर आम्ही त्यांना स्टेशनच्या इमारतीवरची दगडातली नक्षी दाखवली. पाने, फुले, पक्षी, माकडे, माणसांचे चेहरे. हे काम १८७८ ते १८८८ या काळात झाले आणि त्याच्या कोरीव सजावटीत याच चित्रशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये ही इमारत जागतिक वारसा ठरली. आपण रोज त्याखालून ८.१२ ची लोकल पकडायला धावतो. भाऊ मान वर करून बघत राहिले. “चाळीस वर्सं हितनं जातोय,” ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

फाटकाशी भाऊंची पावले थांबली. खरे सांगायचे तर आमचीही. पहारेकऱ्याने विचारले, “प्रदर्शन? सरळ जा.” तिकीट नाही, वशिला नाही. एवढेच होते ते. एवढ्यासाठी आम्ही पंचवीस वर्षे घालवली!

आत एकेका वर्गाचे दालन केले होते. नेहमी जिथे मुले काम करतात, त्याच उंच छताच्या खोल्यांतून त्यांची कामे मांडली होती. रंगचित्रे होती, शिल्पे होती, मातीची भांडी होती, धातूकाम होते, कापडाची संकल्पने होती. आम्ही हिशेबाचे माणूस. सवयीने प्रत्येक वस्तूची किंमत मनात मांडू लागलो, पण थोड्या वेळाने ते थांबले.

काही कामे आम्हाला कळली नाहीत. एका ठिकाणी नुसत्या जुन्या खुर्च्या दोरीने टांगल्या होत्या. आम्ही लाजत लाजत तिथल्या मुलाला विचारले, “बाळ, हे काय आहे?” त्याने हसून सांगितले की त्याच्या वडिलांच्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या त्या खुर्च्या आहेत. मग त्या एकदम कळल्या. न कळणे हा गुन्हा नाही, न विचारणे हे आपले नुकसान आहे, हा धडा आम्ही तिथे घेतला.

गृहसजावटीच्या दालनात एकाने दहा बाय बाराच्या खोलीचा लहानसा नमुना केला होता. भिंतीत मिटणारा पलंग, खिडकीखाली उघडणारे अभ्यासाचे टेबल, वर सामानाचा माळा. आमच्या पत्नी त्यापुढून हलेनात. शेवटी त्यांनी त्या मुलाला विचारले, “सगळं छान आहे रे. पण पाण्याचं पिंप कुठं ठेवायचं?” मुलगा गोंधळला. त्याने पिंपाला जागाच ठेवली नव्हती. “आणि पाहुणा आला तर चप्पल कुठे काढेल?” त्या मुलाने खिशातून वही काढली आणि दोन्ही प्रश्न लिहून घेतले. आमच्या पत्नी नववी शिकलेल्या. घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा काही वेगळाच होता.

तसे पाहिले तर आपल्या घरात वापरात असलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी आधी कागदावर काढलेली असते. साडीचा काठ, बिस्किटाच्या पुड्यावरचे चित्र, पाठ्यपुस्तकातली आकृती, बसच्या पाट्यांवरची अक्षरे. त्या हातांना पगार मिळतो. ‘चित्रांनी पोट भरत नाही’ हे वाक्य आम्ही ज्या खात्रीने बोललो होतो, ती खात्री कुठून आली होती? भारतातील पहिला कथापट १९१३ मध्ये काढणारे दादासाहेब फाळके याच शाळेत शिकले. बाबासाहेबांच्या इंदू मिलच्या जागेवरील पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावच्या सुतारकाम करणाऱ्या गरीब घरात १९२५ साली जन्मले आणि याच फाटकातून शिकून बाहेर पडले. आपण पुतळ्याला हार घालतो, पण पुतळा घडवणारे हात कुठे तयार होतात, हे पाहायला जात नाही.

ताईचे काम शेवटच्या खोलीत होते. चित्र असेल म्हणून आम्ही भिंती शोधू लागलो. तर भिंत हेच तिचे काम होते. लाकडी चौकट, त्यावर तारेची जाळी आणि जाळीवर मातीचे लिंपण. पुरुषभर उंच, चांगली दहा-बारा फूट लांब. तिच्यावर बोटांचे अर्धगोल फराटे, ओळीने, एकाला एक लागून. खाली कोपऱ्यात एका हाताचा पूर्ण ठसा. शेजारी मराठीत चार ओळी लिहिलेला कागद. त्यात लिहिले होते की ही भिंत पाटण तालुक्यात राहिलेल्या माझ्या आजीची आहे. आजीने गावातल्या मोठ्या घरांच्या गोठ्यांच्या आणि परसातल्या भिंती लिंपल्या. ओली असताना भिंत आजीच्या हाताखाली असे. वाळल्यावर त्याच भिंतीला आजीने टेकलेले चालत नसे.

खोलीत दहा-पंधरा माणसे होती, पण कुणी बोलत नव्हते.

आम्ही भाऊंकडे पाहिले. ते कागद वाचत नव्हते. ते भिंतीजवळ गेले, वाकले आणि बोटाच्या टोकाने तिच्यावर टकटक केले. मग नाकाने वास घेतला. म्हणाले, “तूस भाताचंच घातलंय. बरं केलंस.” सहा वर्षांत कॉलेजच्या कामाविषयी मुलीशी बोललेले हे त्यांचे पहिले वाक्य! मग ते डाव्या बाजूला गेले. तिथे बारीक तडे गेले होते. “आई कोपरा असा घेत नव्हती. खालनं वर घ्यायची. पाणी धरत नाही मग.”

ताई म्हणाली, “दाखवा ना.”

भिंतीच्या पायथ्याशी तिने मुद्दाम कालवलेल्या मातीची एक पाटी ठेवली होती. पाहायला येणाऱ्याने वाटल्यास हात घालावा, उजवीकडच्या मोकळ्या जाळीवर लिंपण करावे, असा तिचा बेत होता. दिवसभरात फार थोड्यांनी हात घातला होता. भाऊंनी इकडेतिकडे पाहिले. आम्हाला वाटले, आता ते मागे सरणार. रोज दुसऱ्यांच्या घाणीत हात घालणारा माणूस, इस्त्रीचा सदरा घालून आलेला, तिथे पुन्हा मातीत हात घालील का? पण त्यांनी बाह्या वर केल्या, गुडघ्यावर बसले आणि खालून वर हात फिरवला. एक अर्धगोल, त्याच्या शेजारी दुसरा. पाच-सात मिनिटे ते काम करत होते. लोक भोवती जमले. एका मुलाने विचारले, “अंकल, हे कुठे शिकलात?” भाऊ म्हणाले, “आईच्या मागं.”

आमच्या पत्नींनी पदर डोळ्याला लावला. आमची अवस्था काय होती, ते लिहीत नाही.

हे सगळे पाहताना आम्हाला अजिंठा आठवला. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे सहलीने अजिंठ्याला जातात, पद्मपाणीपुढे हात जोडतात. पण ती चित्रे कशावर काढली आहेत? खडकावर मातीचा गिलावा, त्या मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. रंगही गेरू, पिवळी माती, काजळी, चुना असे साधे, निळा तेवढा लांबून आणलेल्या दगडाचा. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीची जी चित्रे जगभरची माणसे पाहायला येतात, ती आजीच्या भिंतीच्या सख्ख्या बहिणीवर उभी आहेत. गिलावा करणाऱ्यांची नावे तिथेही कुणी लिहून ठेवली नाहीत.

आणि आणखी एक दुवा आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत याच चित्रशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स या आपल्या शिक्षकाबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन त्या चित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले एक नाव. त्या नकला लंडनला पाठवल्या गेल्या. तिथे १८८५ मध्ये आग लागून बऱ्याच जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ चित्रांचा जो भाग पुढे झिजला, त्याची साक्ष आज त्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे. बुद्धाच्या चरित्रापुढे कंदिलाच्या उजेडात बसलेली ती विशी-बाविशीतली मुले आणि आज मातीच्या पाटीपुढे बसलेली आमची ताई, यांच्यामध्ये आम्हाला फार अंतर वाटले नाही.

निघताना आम्ही ताईला बाजूला घेतले. म्हणालो, “ताई, सहा वर्षांपूर्वी आम्ही तुला जे सांगितलं, ते न बघता सांगितलं. आमचं चुकलं.” ती म्हणाली, “काका, पूर्ण चुकलं नव्हतं. मला अजून नोकरी नाही.”

वाचकहो, हेही खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्या भिंतीला गिऱ्हाईक नाही. ती कुणाच्या दिवाणखान्यात मावणार नाही. प्रदर्शन संपले की चौकट मोडावी लागेल, माती पोत्यात भरावी लागेल. ताई एका शाळेत कलाशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करते आहे, संध्याकाळी मुलांचे वर्ग घेते आहे. पुढे काय होईल ते आम्हाला ठाऊक नाही. पण बी. कॉम. होऊन नोकरी शोधत फिरणारी मुलेही आमच्या चाळीत कमी नाहीत. त्यांना आम्ही कधी ‘हौस’ म्हणून हिणवले नाही. मग चित्रकलेलाच वेगळा न्याय का? बाबासाहेबांना शिल्पाची, चित्राची, संगीताची किती ओढ होती, हे त्यांच्या सहवासातल्या लोकांच्या आठवणींतून आपण वाचतो. उतारवयात, दुखऱ्या प्रकृतीत त्यांनी व्हायोलिन हातात घेतले. ते काय पोटासाठी?

आम्ही कारकून, म्हणून शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलाला चित्राची आवड असेल तर शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवा. फी थोडी असते आणि सराव मोठा होतो. बारावीनंतर कलेच्या पदवीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी आधीपासून हवी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी धावाधाव न करता आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. आणि रंग-कागदाचा वर्षाचा खर्च आधीच मांडून ठेवा, कारण मुलाचे पाऊल बहुतेक वेळा फीवर अडत नाही, ते या रोजच्या खर्चावर अडते. वस्तीतल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून एका मुलाच्या रंगांचा खर्च उचलला, तर त्या रोषणाईचा उजेड वर्षभर टिकेल.

आणि हे काहीही करायचे नसेल तरी मुलांचा हात धरून एकदा प्रदर्शनाला जा. जे. जे.चे वार्षिक प्रदर्शन असो, नाही तर वर्षभर कधीही काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी असो. तिथे तिकीट लागत नाही. कळले नाही तर विचारा. पाण्याचे पिंप कुठे ठेवायचे, हेही विचारा. आपले प्रश्न तिथे कुणीतरी नेले पाहिजेत.

रात्री घरी आल्यावर भाऊ आपल्या आईजवळ बसले आणि सगळे सांगू लागले. म्हातारीला आता नीट दिसत नाही. जे. जे. म्हणजे इस्पितळ नव्हे, हे तिला अजून पटलेले नाही. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तडा गेला का कुटं?”

“डाव्या अंगाला थोडा गेलाय,” भाऊ म्हणाले.

“मग शेण कमी पडलं,” आजी म्हणाली. “तिला सांग, पुढल्या बारीला मला इचार.”

जय भीम!